डीमध्ये ठेवलेला शालिकराम

वलगावच्या बसस्टँडसमोर 'न्यू शबनम फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. जुना शबनम कधीच नव्हता, आणि हसनैनच्या सात पिढ्यांत शबनम नावाची बाई झाली नाही. पेंटरने विचारलं, नाव काय टाकू, तर हसनैन म्हणाला, सांगतो ना. दोन दिवस वाट पाहून पेंटरनेच मनाला आलं ते रंगवून टाकलं. माणूस मनाचा निर्मळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण 'करतो ना' म्हणायची खोड भारी. एकदा 'करतो ना' म्हटलं की त्याच्या लेखी ते काम निम्मं झालेलंच असायचं.

शालिकरामच्या फोटोचं तसंच झालं.

शालिकराम गावच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. हसनैन लग्नाचे फोटो काढायचा. चौदा वर्षं दोघं एकाच मांडवात राबले. तिवशापासून रिद्धपूरपर्यंत एक गाव सोडलं नसेल. सगळ्यांची जेवणं झाली की शेवटच्या पंगतीला दोघं शेजारी बसत, वरणातली मिरची शालिकराम हसनैनच्या पानात टाकी, आणि एकाच टेम्पोत ढोलावर डोकं ठेवून दोघं गावाकडे परतत. मग ती कापसाची वाईट वर्षं आली. लग्नं पुढे ढकलली जाऊ लागली, मग सामुदायिक होऊ लागली. एका मांडवात तीस नवरदेव आणि सगळ्यांना मिळून एक भोंगा. त्यात बँडवाल्याला कोण विचारतो? एकेक वाजवणारा मजुरीला लागला आणि बँड आपोआप मोडला.

दोन हजार सहाच्या वैशाखात तिवशाला बँडची शेवटची सुपारी होती. वाजवणं उरकल्यावर शालिकराम मांडवामागे आला. अंगात बँडचा लाल कोट, घामाने पाठ काळी झालेली.

"हसनैन, माहा एक फोटो काढ," तो म्हणाला. "उद्यापासून हा कोट अंगावर येत नाई."

हसनैनने त्याला मांडवाच्या पिवळ्या कापडासमोर उभं केलं. शालिकरामने क्लॅरोनेट छातीशी धरली, हसू की नको अशा विचारात पडला, आणि तेवढ्यात फोटो निघाला. फार सुरेख निघाला. हसनैनलाही कळलं की आपल्या हातून असा फोटो रोज निघत नाही.

त्यानंतर शालिकराम बसस्टँडवर भेटला की विचारायचा, "माहा फोटो?"

"देतो ना बाप्पा. डीमंधी ठेवला हाय. कुठी पळून जाते काय तो?"

हे डी प्रकरण सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे कोणाचाही कॉम्प्युटर उघडा, त्यात दोन कप्पे असायचे, सी आणि डी. सीमध्ये कॉम्प्युटरचा जीव आणि डीमध्ये माणसाचा. सीला दर चार महिन्यांनी व्हायरस लागून मरण यायचं. मग अमरावतीहून धर्मपाल मेकॅनिक पिशवीत सीडी घेऊन यायचा, सी पुसून नवा भरायचा, चहा प्यायचा आणि जायचा. डीला तो बोटही लावत नसे. त्यामुळे डीवर लोकांची श्रद्धा बसली होती. घर जळालं तरी लोखंडी कपाट राहतं ना, तशी. ज्यांचे फोटो काढले त्यांना हसनैन सीडी करून द्यायचा. शालिकरामच्या फोटोची सीडी झाली नाही, कारण तो कोणाच्या लग्नाचा नव्हता. तो फक्त डीमध्ये होता.

दोन वर्षं तो तिथेच राहिला. आणि दोन हजार आठच्या वैशाखात अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती चढवताना शालिकरामला ऊन लागलं. दुपारी दोनला तो सावलीत जाऊन बसला. चारला लोकांनी हलवून पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. ऐन लग्नसराईत, ज्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला सवड नसायची, त्याच दिवसांत तो गेला. हसनैनने खांदा दिला. घरी येऊन आंघोळ केली आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

पाचव्या दिवशी शालिकरामची बायको जमुना स्टुडिओत आली. दारातच उभी राहिली.

"तेरवीले फोटो पायजे, भाऊ. घरात त्याहिचा एक नाई. आमचं लगन देवळात झालं, तठी कोन फोटो काढते? मतदानाच्या कार्डावरचा होता, तो मागच्या पावसात घर गळलं तवा धुऊन गेला. पन ते म्हनत जाय, हसनैनजोळ माहा एक मस्त फोटो हाय."

"हाय वयनी. देतो ना," हसनैन म्हणाला, आणि आपलाच शब्द कानावर पडताच त्याला तोंड लपवावंसं वाटलं.

जमुना गेल्यावर त्याने लगेच कॉम्प्युटर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने काही लगेच केलं, पण म्हणतात ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पडदा निळा झाला, यंत्र बंद पडलं, आपोआप सुरू झालं, पुन्हा निळं झालं. आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक पेन ड्राइव्हमध्ये साखरपुड्याचे फोटो घेऊन आलं होतं. ती पेन ड्राइव्ह लावल्यापासूनच यंत्राचं लक्षण ठीक नव्हतं. धर्मपालला फोन केला तर तो बहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेलेला. पंधरा दिवस येत नाही म्हणाला.

इफ्फत सुटीत घरी होती. हसनैनची ही एकुलती एक लेक अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकत होती. दोन वर्षं तिच्या अम्मीने, आयशाबीने, मोहल्ल्याची बोलणी खाऊन तिला हॉस्टेलला ठेवलं होतं. बापाची तगमग पाहून ती आतून एक सीडी घेऊन आली. पुठ्ठ्याचं पाकीट, वर परदेशातलं तिकीट.

"अब्बा, हे लावून पाहू. लिनक्स हाय. विंडोजच्या जागी चालते. याले व्हायरस लागत नाई."

"कितीले आनली?"

"फुकट. पोस्टानं येते. कोनीबी घ्या, कोनालेबी द्या, चोरी होत नाई. धर्मपालकाकाची सीडी चोरीची राहते, हे नाई."

"फुकट ते पौष्टिक," हसनैन म्हणाला, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. जगात फुकट मिळते ती फक्त अक्कल, असं त्याचं मत.

इफ्फतने सीडी आत सरकवली. यंत्राने आधी भाषा विचारली. भाषांच्या लांबलचक यादीत 'मराठी' असं स्वच्छ लिहिलेलं पाहून हसनैन खुर्ची ओढून जवळ आला. थोड्या वेळाने पडदा उजळला. निळा नाही, मातकट रंगाचा, पेरणीआधीच्या शेतासारखा. इफ्फत म्हणाली, अजून आत काही बसवलेलं नाही, हे नुसतं सीडीवरून चाललं आहे. आवडलं तर ठेवायचं, नाहीतर सीडी काढून घ्यायची. ती एकेक दाखवत होती. हे लिहायचं, हे चित्र सुधारायचं, हे इंटरनेटचं. सांगताना तिचा चेहरा खुलला होता आणि एवढ्या दुःखातही बापाला लेकीचं कौतुक वाटलं.

"माहा डी दिसते काय यात?" त्याने विचारलं.

तिने एक कप्पा उघडला. सगळी गावं तिथे होती. वलगाव, तिवसा, नेरपिंगळाई, वर्षावार. हसनैनने तिच्या हातून माऊस घेतला, तिवशात शिरला, आणि शालिकराम पडद्यावर उभा राहिला. लाल कोट, पिवळं कापड, छातीशी क्लॅरोनेट. हसू की नको, असा.

हसनैनने पडद्यावर बोट ठेवलं, कोटाच्या बटनावर.

"अब्बा, हा पेन ड्राइव्हवर काढून ठेवू काय आधी?"

"त्या पेन ड्राइव्हचं नाव नको काढू," हसनैन एकदम कडाडला. "तिनंच तर घर बुडवलं. आता या चांगल्या यंत्रालेबी तीच बिमारी लावतं काय?"

"मंग इथूनच प्रिंट काढा."

प्रिंटर मात्र सीडीवरून ओळख देईना. इफ्फत म्हणाली, पक्कं बसवल्यावर तोही चालेल, मी चालवते. शिवाय हसनैनला फोटो तसाच द्यायचा नव्हता. कपाळावरचा घाम पुसायचा, कॉलर सरळ करायची, मागे आभाळ टाकायचं. दोन वर्षं रखडवलं, आता निदान नीट तरी करून द्यावं, असं त्याच्या मनात होतं. तेव्हा त्याने सांगितलं, बसव पक्कं.

यंत्र एकेक प्रश्न विचारत गेलं. गाव कोणतं, नाव काय, पासवर्ड काय. मग ते एका प्रश्नावर थांबलं आणि इफ्फतही थांबली.

"अब्बा, हे विचारते, पूरी डिस्क वापरू काय? इथं सी-डी असं काई लिहेल नाई. मले वाटते, आपन सरांले विचारू. सोमवारी कॉलेजात फोन लागन."

"सोमवारी तेरवी तोंडावर येते," हसनैन म्हणाला. "पूरी म्हंजे पूरी सी. धर्मपाल काय करते? पूरी सी पुसते. डीले आजलोक काई झालं? दहा डाव फॉरमॅट मारलं असन त्यानं. डीले काई होत नाई."

"पन अब्बा..."

"तू सर, मी दाबतो."

आणि त्याने दाबलं. आयुष्यभर ज्याने प्रत्येक गोष्ट उद्यावर टाकली, त्याने ही एक गोष्ट तिथल्या तिथे केली.

पाऊण तास लागला. एक पट्टी हळूहळू भरत होती आणि हसनैन तिच्याकडे समाधानाने पाहत चहा पीत होता. यंत्र नव्याने सुरू झालं, नाव घेतलं, पासवर्ड घेतला. सगळं चकचकीत.

"दाखव डी."

इफ्फतने एक कप्पा उघडला, दुसरा उघडला. माऊस ठेवून दिला.

"अब्बा, यात डी नसते."

"नसते म्हंजे?"

"सी-डी म्हंजे आपन बांधेल भिंती होत्या. डिस्क तर एकच हाय. यानं भिंत काढली. सारी पुसली."

हसनैनला ते कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "अवो, आताच तर होता. मी बोट लावलं त्याले." असं दोन-तीनदा म्हणाला. इफ्फत रडायला लागली तसा तो गप्प झाला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला की तुझा काही दोष नाही, तू थांब म्हणत होतीस. ते खरंच होतं. आणि ते खरं असल्यामुळेच त्याला बसवेना, उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी इफ्फतने मैत्रिणीकडून सरांच्या घरचा नंबर मिळवला आणि बसस्टँडवरच्या एसटीडी बूथवरून अकोल्याला फोन केला. सर म्हणाले, यंत्रावर आता आणखी काही लिहू नका; याच लिनक्सवर पुसलेले फोटो खणून काढायचं एक साधन फुकट मिळतं. ती अमरावतीला जाऊन मैत्रिणीच्या घरून ते घेऊन आली, निघतील ते फोटो ठेवायला नवी मोठी डिस्कही मागून आणली. मग दीड दिवस यंत्र पुसलेली जमीन खणत राहिलं. काळ्या पडद्यावर नुसते आकडे वाढत होते आणि इफ्फत जेवायलाही उठत नव्हती. नऊ हजारांवर फोटो निघाले. गावं गेली, वर्षं गेली, नावं गेली. प्रत्येक फोटोला नुसता नंबर. बापलेकीने वाटून घेऊन एकेक पाहिला.

शालिकराम त्यात नव्हता. एक फोटो अर्धवट निघाला. वर बोटभर पिवळ्या कापडाची पट्टी आणि खाली सगळं करडं. हसनैनने तो पाहिला, ओळखला आणि इफ्फतला काही न सांगता पुढचा उघडला.

अकराव्या दिवशी जमुना आली. हसनैनने रात्रभर काय काय रचून ठेवलं होतं. वीज गेली म्हणू, चोरी झाली म्हणू. पण ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, कापडावर रंगवलेल्या धबधब्यासमोर येऊन बसली, पदराने तोंड पुसलं, आणि हसनैनच्याने खोटं बोलवलं नाही.

"वयनी, फोटो गेला. माह्या हातानं गेला. दोन वर्सं त्यानं मांगला, मी देला नाई. आन तुमी आल्या त्या दिवशी मीच पुसला."

जमुनाने एकदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाकीचे हायेत ना?" ती म्हणाली. "चवदा वर्सं तुमी त्याहिच्यासंग होते. एखांद्यात तरी दिसनच."

इफ्फतने मान खाली घातली. तिने आणि हसनैनने ते सगळे पाहिले होते. पण नाही कसं म्हणणार? तिने पहिला फोटो उघडला.

घोड्यावरचा नवरदेव. डाव्या कडेला लाल बाहीचा तुकडा. दुसरा नवरदेव, कडेला क्लॅरोनेटचं तोंड. तिसऱ्यात कोपर. जमुना पुढे सरकून बसली. विसाव्या-पंचविसाव्या फोटोला तिने हात वर केला.

"थांब पोरी. हा त्याहिचा हात हाय. करंगळी पाय, वाकडी. लहानपनी रहाटात सापडली होती."

मग ती फक्त कडाच पाहू लागली. नवरदेव, वरमाई, मामा, घोडा, कशाकडेही तिची नजर जाईना. हा तो. हा तो नाही, हा डफवाला. हा तो. दुपारपर्यंत तिने अकरा फोटोंत नवऱ्याचा हात शोधला. खांदा दोनदा. एकदा नुसती सावली, पण तिने ती ओळखली. तोंड एकाही फोटोत नव्हतं.

शेवटी ती हसनैनकडे वळली.

"तुमी कुठी उभे राहत होते, भाऊ? फोटो काढताना."

"त्याच्या म्होरंच. चार हातांवर."

"मंग त्याहिनं तुमाले रोज पायलं असन."

"हो."

"आन तुमी?"

इफ्फतही बापाकडे पाहायला लागली. हसनैनला वाटलं, आता बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही.

"आमच्या धंद्यात बँडवाल्याले बाहेर ठेवा लागते, वयनी," तो म्हणाला. "लगनघरचे म्हनतात, अल्बममंधी आमचे मानसं पायजेत, वाजवनारे काहून घेतले? मंग मी काय करो, जरासा इकडं सरको. तो कडंले जाये. रोलचा कॅमेरा होता तवापासून हेच. आन नवा कॅमेरा आल्यावर कवा त्याचं तोंड आलंच, आन कार्ड भरलं, तर पयले तेच पुसो. जागा करासाठी. पन्नासक डाव तरी पुसलं असन मी त्याले."

हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. ते लपवायचं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. रोज शेवटच्या पंगतीला ज्याच्या शेजारी जेवलो, त्याला रोज आपणच फोटोतून ढकललं, हे त्याला आत्ता, बोलता बोलता, समजलं. यंत्राने पुसला तो एकच फोटो, बाकीचे त्याने स्वतः पुसले होते.

जमुनाने ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. आपल्या माणसाला लोक कुठे उभं करतात ते तिला फार आधीपासून माहीत असावं. ती पुन्हा पडद्याकडे वळली, मागचे दोन-तीन फोटो इफ्फतला उघडायला लावले आणि एकावर थांबली. फेटा बांधलेला, पेढा खाणारा कुठलातरी नवरदेव. त्याच्या पलीकडे, अगदी कडेला, लाल बाही आणि क्लॅरोनेटवर पडलेली बोटं.

"हा द्या," ती म्हणाली. "फक्त नवरदेव कापा, भाऊ."

इफ्फतने उठून बापाला जागा दिली. हसनैन खुर्चीत बसला. नव्या यंत्रात कापायची कात्री कुठे असते ते लेकीने खांद्यावरून बोट दाखवून सांगितलं. त्याचे डोळे इतके भरून आले होते की रेघ सरळ ओढली जाईना, तीन वेळा चुकली. चौथ्यांदा चौकट बसली. नवरदेव बाहेर गेला, पेढा गेला, मांडव गेला. उरली एक बाही आणि पाच बोटं. तो पुसलेला एक सोडला तर चौदा वर्षांत शालिकराम पहिल्यांदा फोटोच्या मधोमध आला, आणि त्याला तोंड नव्हतं.